विमलकडे बसायला जायचीस तू

त्या दुपारी आपण होडीवरचं झावळ्यांचं छप्पर पुन्हा बांधलं. पावसाची उघडीप होती आणि वाऱ्यानं एक कोपरा उचलला होता. मी वर, काठाला पाय लावून, आणि तू खाली वाळूत दोरीचं टोक धरून.

"ओढा," तू म्हणालीस.

"ओढतो."

"ओढत नाय, नुसते बोलता."

दोरी हातात असतानाच तू तुझ्या मैत्रिणीच्या, कुसुमताईंच्या, गुडघ्यांची बातमी काढलीस. पालघरच्या डॉक्टरनं त्यांना खाली बसू नका म्हणून सांगितलं होतं. "जलमभर दुसऱ्यांच्या पोरांना मांडी घालून बसा म्हणत आली, आता स्वतः खुर्चीवर बसून भाकऱ्या थापतेय," तू म्हणालीस आणि हसलीस. मी म्हटलं, आता सोड दोरी. तू सोडली नाहीस. आधी माझी गाठ ओढून बघितलीस. माझं सगळं आयुष्य गाठी मारण्यात गेलं, तुझं खडूनं फळ्यावर लिहिण्यात, तरी माझी गाठ तपासायला तू. "ठीक हाय," म्हणालीस, साडीला हात पुसलेस, आणि आपण घरी आलो.

घरी येऊन डोकं जड झालंय म्हणालीस आणि पडलीस. दिवा लागायच्या आत गेलीस. डॉक्टर म्हणाला, मेंदूतली शीर. मी म्हटलं असेल. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, तुला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कुसुमताई म्हणाल्या, भाऊ, तुम्ही काहीतरी लिहून द्या, दिवाळीनंतर आमच्या मैत्रिणींच्या बैठकीत वाचू. मी म्हटलं, मी चौथी नापास माणूस, काय लिहू. तर म्हणाल्या, तिला सांगताय असं समजून लिहा. म्हणून हे तुलाच सांगतोय. तू कुठं जन्मलीस, कुठं नोकरी केलीस, कधी रिटायर झालीस, ते त्या बायांना पाठ आहे. ते मी नाही लिहीत.

तुझ्या ह्या मैत्रिणींचं मला आधी काही कळायचं नाही. आमच्याकडे मैत्रीण म्हणजे शेजारच्या खळ्यात मासळी वाळत घालणारी. तुझ्या मैत्रिणी गावोगाव पसरलेल्या, सगळ्या मास्तरणी, ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं एका खोलीत राहिलेल्या. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, दोन वर्षांत एवढं काय होतं गो? तू म्हणालीस, "तुमी एका होडीत आठ दिवस असता तरी खलाशाचं लग्न मोडलं की जेवत नाय. मग दोन वर्षांत काय होईल?"

नवापूरची तू पहिलीच पोरगी कॉलेजात गेलेली. तुझ्या आईनं ट्रंकेत कपड्यांच्या खाली सुक्या बोंबलाची पुरचुंडी घातली होती. खोली उघडल्या उघडल्या पोरींनी नाकाला पदर लावले आणि खाटा पलीकडे सरकवल्या. हे तू मला किती वेळा सांगितलंस, आणि दर वेळी हसत. एक खाट मात्र अलीकडे सरकली. ती पाम गावची विमल. वाडीवाल्याची पोर, बापाच्या चिकूच्या झाडांखाली वाढलेली. तिनं खाट सरकवली आणि विचारलं, "तुझ्याकडे जवळा पण आहे का? मेसची भाजी कोणाच्या घशाखाली उतरणार?" तिथून तुमचं जे जमलं ते जमलं.

मला विमल पहिल्यांदा आवडली नव्हती. स्पष्टच सांगतो. फार बोलायची, शुद्ध बोलायची, आणि माझ्यासमोर तुला "सुमे" म्हणायची. माझ्या बायकोला मी कधी नावानं हाक मारली नाही आणि ही आपली "सुमे, सुमे". नंतर सवय झाली. आता ती तसं म्हणते तेव्हा मला बरं वाटतं, तुझं नाव कोणाच्या तरी तोंडात आहे म्हणून.

पालघरच्या बैठकीला तू मला दर वर्षी ओढून न्यायचीस. मी पापलेटची पिशवी धरून मागं मागं. तुम्ही बाया आतल्या खोलीत, बाहेर आम्ही नवरे. ते सगळे गुरुजी, कोण हेडमास्तर, कोण तालुक्याच्या हापिसात. पगार, रजा, बदल्या, त्यांचं तेच चालायचं. एकदा एका हेडमास्तरांनी मला विचारलं, आपण काय करता? मी म्हटलं, मासे मारतो. ते म्हणाले, नाही, म्हणजे नोकरी? तेवढ्यात तू चहाचे कप घेऊन बाहेर आलीस आणि म्हणालीस, "समुद्रात आहेत. त्यांची बदली होत नाही." हेडमास्तरच सगळ्यात जास्त हसले. पुढच्या वर्षी ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि भरती-ओहोटीचं विचारत राहिले.

परत येताना बसमध्ये तू मला सगळ्या बातम्या द्यायचीस. आधी लग्नांच्या, मग बारशांच्या. मग वर्षं गेली तशा चष्म्यांच्या, साखरेच्या, मोतीबिंदूच्या. कोणाचा मुलगा परदेशी, कोणाची सून बोलत नाही. मी खिडकीबाहेर बघायचो आणि तुला वाटायचं मी ऐकत नाही. ऐकत होतो. त्या बायांची नावं आजही मला ओळीनं सांगता येतील, आणि कोणाला कोणत्या गुडघ्यात दुखतं तेही.

ह्या वर्षी लढाई लागली. कारगिल कुठं आहे ते मला तू नकाशात दाखवलंस, बोट ठेवून. बर्फाचा डोंगर. विमलचा सतीश तिथंच कुठंतरी होता.

सतीश जन्मला तेव्हाही लढाई होती, बांगलादेशची. आपल्याकडे तारापूरचं अणुकेंद्र नवीन होतं आणि माणसं म्हणायची बॉम्ब पडला तर पहिला इथंच. काचांना काळे कागद लावलेले. विमलच्या बाळंतपणाच्या वेळेला तू पामला होतीस. उजेड बाहेर दिसू नये म्हणून दिव्यावर मासळीची पाटी उपडी घातली होती म्हणालीस. विमल म्हणत होती, मला पोर दिसत नाही गं. आणि तू म्हणालीस, "दिसत नसलं तर ऐक. केवढा ओरडतोय." त्या पोराला पहिल्यांदा हातात घेणारी तू. म्हणून तो मोठा होऊन पलटणीत गेला तेव्हा तू विमलइतकीच फुगली होतीस, आणि ह्या मे महिन्यात विमलइतकीच सुकलीस.

त्याची पत्रं यायची थांबली. विमल एकटीच त्या घरात. नवरा जाऊन वर्षं झाली, सतीशचं लग्न ठरलेलं, दिवाळीनंतरची तारीख. फोन घरात नाही, तिठ्यावरच्या किराणा दुकानात आहे. तुझ्या बाकीच्या मैत्रिणी चांगल्या बाया आहेत, त्यांना राग येऊ नये, पण त्या करायच्या ते चुकीचं होतं. कोण बोईसरहून रिक्षानं यायची, कोण दुकानात फोन करायची, आणि प्रत्येक जण विचारायची, काही कळलं का? कुसुमताई स्वतः आल्या, चांगल्या मनानं आल्या, आणि तेच विचारलं.

त्या दिवशी तू घरी आलीस ती पाय आपटत. "एका आईनं दिवसातनं किती वेळा 'नाय' म्हणायचं?" असं मला विचारलंस, जसं काय मीच विचारून आलो होतो.

तेव्हा तू आपला कायदा तिकडे नेलास. होडी वादळात बाहेर राहिली की त्या घरात कोणी 'आली का' म्हणून विचारत नाही. जायचं, ओट्यावर बसायचं, त्या घरचं जे काम पडलं असेल ते हातात घ्यायचं, आणि दुनियेचं बोलायचं. रडायचं नाही. बाहेर असलेल्या माणसासाठी रडलं म्हणजे तो गेला असं आपणच ठरवलं. बातमी आणणाऱ्यालाही कायदा आहे. चांगली बातमी असली तर लांबूनच, वाळूवरूनच ओरडत यायचं. वाईट बातमी घेऊन येणारा ओरडत नाही, तो चालत येतो, डोकं उघडं करून.

हा कायदा मी लहानपणापासून पाळत आलो. पण खरं सांगतो, तो काय आहे ते मला ह्या लढाईत कळलं, तुझ्याकडे बघून. त्याआधी मी नेहमी होडीत होतो ना, ओट्यावर नव्हतो.

सतीश रांगत होता त्या वर्षी आमचं मशीन बंद पडलं आणि आम्ही दमणच्या बाजूला वाहवत गेलो. शेवटी गुजरात्यांच्या होडीनं ओढलं. त्या दिवसांत विमल रांगतं पोर कडेवर घेऊन पामहून आली आणि आपल्या घरी राहिली. पहिल्या दिवशी तिनं दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, आले का हो? माझ्या आईनं तिला झापलं. "मास्तरीण हाय ना तू? मग शीक. हितं विचारायचं नाय." ती शिकली. जाळ्याची भोकं शिवायला बसली, एकही शिवण धड नाही, मी नंतर सगळी उसवली. पण बसली. मी परत आल्यावर मला कोणी हे सांगितलं नाही. तूही नाही. मला एवढंच माहीत की घरी आलो तर पामची बाई माझ्या जाळ्यात अडकून बसलेली.

तू मला पुढं खूप वर्षं विचारायचीस, तेव्हा माझी आठवण आली होती का? मी म्हणायचो, पाण्याची आली होती, पिण्याच्या. तू म्हणायचीस, "दगड हाय हा माणूस." आता सांगतो. दोन्हीची आली होती. आधी पाण्याची. खोटं कशाला बोलू.

तर ह्या वर्षी जूनपासून तू रोज पहिल्या बसनं पामला. बरोबर जवळ्याची टोपली. सुकलेला जवळा निवडायला विमलच्या ओट्यावर न्यायचा आणि दोघींनी मिळून त्यातली शिंपलं, काड्या, वाळू काढायची. मी म्हटलं, एवढा जवळा आपल्याला लागतो कुठं? म्हणालीस, लागत नाय, पण संपत पण नाय, म्हणून नेते. निवडलेला जवळा तू दुपारच्या बसनं परत आणायचीस आणि पोरीला, शेजाऱ्यांना, बोईसरच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांच्या बायकांना वाटून टाकायचीस. एक यूपीवाली तर म्हणाली, "मौसी, आप रोज इतना साफ करती हो, हाथ नहीं दुखता?" तू म्हणालीस, "दुखता है ना. वही तो काम है." तिला काय कळलं असेल देव जाणे. मला कळलं.

आणखी एक गोष्ट मी बघत होतो, तुला माहीत नव्हतं. बस सुटायच्या आधी तू चहाच्या टपरीवर पेपर उघडायचीस. आतलं पान. उभ्यानंच, चष्मा नाकावर ओढून, बोट खाली खाली नेत. त्यात गेलेल्या जवानांची नावं असायची. शेवटच्या नावापर्यंत बोट गेलं की पेपर घडी करून टपरीवरच ठेवायचीस आणि मग बसमध्ये चढायचीस. पामला पेपर कधी नेला नाहीस. विमलच्या शेजाऱ्यांचा टीव्ही पण तू बंद करायला लावलास. ती भीती रोज सकाळी आधी तू एकटी खायचीस आणि मग हसत्या तोंडानं तिच्याकडे जाऊन बसायचीस. मी समुद्रात मोठमोठ्या छातीची माणसं बघितली, त्यांतल्या कोणात हे नव्हतं.

काय बोलायचात गो तुम्ही एवढा वेळ? मी विचारलं तर म्हणालीस, कॉलेजचं. मेसच्या आचाऱ्याचं. रेक्टरबाईंच्या मांजराचं. कोणती पोर गॅदरिंगला राजा झाली आणि मिशी गळून पडली त्याचं. एकदा दोघी इतक्या हसलात की रस्त्यावरची माणसं थांबली, ज्या घरातला पोरगा लढाईवर आणि पत्र नाही त्या घरात ह्या म्हाताऱ्या हसतात काय. कोणीतरी येऊन बोललं पण मला. मी म्हटलं, तुझ्या बापाचं काय जातं.

आता आपल्या भांडणाचं. ते अर्धंच राहिलं, आणि मी माघार घेतलेली नाही.

एके दिवशी तू चष्मा टपरीवरच विसरलीस. मी तो घेऊन पामला आलो. मला वाटलं सडकेवरून गेलो तर विमलला वाटेल काहीतरी विचारायला आला, म्हणून वाडीतून, मागच्या बाजूनं आलो. घामानं टोपी भिजली होती ती काढून हातात धरलेली. विचारायचं नाही, बोलायचं नाही, असं घोकत, मुक्यानं, झाडांतून येऊन ओट्यासमोर उभा राहिलो. विमलनं मान वर केली. उघडं डोकं, बंद तोंड. तिच्या हातातलं सूप पडलं आणि ती भिंतीला टेकली ती पांढरी फटक. जवळा सगळ्या अंगणात.

तू मला तिच्यासमोर जे बोललीस ते मी इथं लिहीत नाही. बाया वाचणार आहेत.

"खोकायचं तरी!" परत येताना बसमध्ये तू म्हणालीस.

"तूच म्हणालीस विचारायचं नाय."

"विचारायचं नाय म्हणजे मढ्यासारखं यायचं असं नाय."

"चूक तुझी हाय. वाडीवालीला समुद्राचा कायदा शिकवलास कशाला? तिला शिकवला नसतास तर ती म्हणाली असती, या भाऊ, बसा."

त्यावर तू काहीच बोलली नाहीस, म्हणजे मी जिंकलो होतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. तुझं म्हणणं, टोपी का काढली. माझं म्हणणं, भिजली होती. तुझं म्हणणं, भिजली तरी घालून यायचं. हे अगदी त्या शेवटच्या दिवसापर्यंत, मी होडीवर चढताना तू म्हणालीस, "टोपी घाला डोक्यावर, नायतर कोणाला तरी मारून टाकाल." मी अजूनही म्हणतो की माझं बरोबर होतं. आता हो म्हणायला कोणी नाही आणि नाही म्हणायलाही. जिंकण्यात काही चव राहिली नाही.

आधी तुला चांगली गोष्ट सांगून टाकतो. सतीश आहे. तुझ्या दहाव्याच्या दिवशी दुकानात फोन आला. इस्पितळात आहे, थंडीनं पायाची बोटं गेली दोन, बाकी धड आहे. स्वतः बोलला, आईनं त्याचा आवाज ऐकला. आम्ही समुद्रावरून विधी आटपून घरी आलो होतो. मी ओट्यावर बसलो होतो तर सडकेवरनं कोणीतरी ओरडत येतंय. विमल. हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेली बाई, पदर कुठे, चप्पल एका पायात, आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं, "भाऊ, हाय! पोर हाय! आपला सतीश हाय!" आपल्या बोलीत. चाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून 'हाय' ऐकलं नव्हतं. गावातल्या बाया दारादारांतून बाहेर आल्या. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दहाव्याच्या घरी ओरडते म्हणून कोणी नाव ठेवलं नाही.

हे सगळं तू ऐकायला पाहिजे होतंस. आणखी थोडे दिवस थांबली असतीस तर काय बिघडत होतं? ही माझी तुझ्यावरची एकच तक्रार. टोपीची सोडून.

पण मधली एक सकाळ राहिली सांगायची. तू गेलीस त्याची दुसरी. तोवर सतीशचं काहीच कळलेलं नव्हतं.

तुझे भाऊ विरारहून यायचे होते म्हणून तुला रात्री नेलं नाही. उजाडलं तेव्हा घर माणसांनी भरलेलं. आपली पोरगी तुझ्या उशाशी. आणि माझ्या डोक्यात एकच, विमल. पहिली बस गेली आणि तू उतरली नाहीस तर ती काय समजेल? आणि पहिल्या बसनं आपल्या बाया सुकी मासळी विकायला पामवरूनच बोईसरला जातात. त्यांतली एखादी रस्त्यावरून हाक मारून सांगणार, मास्तरीण गेली. किंवा नुसतं म्हणणार, गेली गो. त्या घरात 'गेली' आणि 'गेला' ह्यांतलं कुठलंही अक्षर असं वाटेवरून टाकून चालणार नव्हतं.

पोर म्हणाली, "बाबा, दुकानात फोन करते, ते निरोप देतील."

मी म्हटलं, "नको. त्या दुकानातनं माणूस धावत आला तर ती दारातच पडेल. मीच जातो."

"आता?"

"आता."

मी सदरा घातला. टोपीही घातली. दारात म्हातारा चुलतभाऊ आडवा आला. "मढं घरात, आणि मालक चालला कुठं?"

"पामला."

"डोकं फिरलं काय तुजं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तिचंच एक काम अर्धं राहिलंय."

मासळीवाल्या बायांना मी हात जोडून सांगितलं, आजच्या दिवस ही बस सोडा, दुसरीनं जा. त्यांनी ऐकलं. त्यांच्या टोपल्या तिथंच स्टँडवर राहिल्या. बसमध्ये मी एकटाच. कंडक्टरनं विचारलं, "आज बाई नाहीत?" मी म्हटलं, "पाम एक."

विमल फाटकाशी उभी होती. रोजच उभी राहत असेल, मला काय माहीत. तिनं सूप काखेला लावलेलं. बस थांबली, मी उतरलो. तिनं मला बघितलं आणि माझ्या मागं, बसच्या दाराकडे बघितलं. तू उतरशील म्हणून. दार बंद झालं, बस निघाली, वळणावर गेली, तरी ती तिकडेच बघत होती.

मग तिनं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं कोणाला तरी विचारलं. "सतीशचं काही?"

"नाय," मी म्हटलं. "सतीशचं काय नाय. तो जसा काल होता तसा हाय. सुमन गेली. काल संध्याकाळी."

तुझं नाव मी असं पहिल्यांदा घेतलं.

तिनं श्वास सोडला. मी खोटं लिहीत नाही, कुसुमताईंनी वाटलं तर हे वाचू नये. सतीशचं नाही हे ऐकून तिच्या छातीतून श्वास सुटला, खांदे खाली आले, आणि मग बाकीचं तिच्या कानात गेलं. तिनं तोंडावर हात दाबला. तो श्वास माझ्यासमोर सुटला ह्याची तिला लाज वाटली ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. मला राग आला नाही. तू असतीस तर तूही आधी पोराचंच विचारलं असतंस, आणि श्वासही सोडला असतास. मी तेच तिला सांगितलं. म्हटलं, "ती पण आधी त्याचंच विचारायची. चला."

"फोन आला तर?" ती म्हणाली.

ते तिनंच ठरवायचं होतं. तिनं दुकानाच्या दिशेनं बघितलं. मग सूप ओट्यावर ठेवलं, दाराला कडी घातली, दुकानाशी थांबली आणि दुकानदाराला म्हणाली, "फोन आला तर म्हणावं, आई सुमनमावशीकडे गेलीय." तो माणूस हो म्हणाला. त्याला काय झालंय ते माहीत नव्हतं.

परतीची बस अजून बोईसरहून यायची होती. आम्ही चालायला लागलो. मी पुढं, ती मागं. सडकेवर ती गप्प होती. कारखान्याची पाळी सुटलेले सायकलवाले जात होते, त्यांच्यासमोर बाई मान ताठ ठेवून चालत होती, शाळेत चालावं तशी. पण मागून श्वास ऐकू यायला लागला, अडकत अडकत. मला समजलं. मे महिन्यापासून ती रडलेली नव्हती. कायदा होता. आता तिला रडायला माणूस मिळालं होतं, ज्याच्यासाठी रडलं तर अपशकुन होत नाही. तू गेलीस ती तेवढं देऊन गेलीस तिला.

घरी माणसं खोळंबली असणार, तुझे भाऊ पोचले असणार, लाकडं रचून झाली असणार, हे मला माहीत होतं. घरी नेलं की चार बाया तिला धरणार, पाणी पाजणार, गप्प कर म्हणणार. म्हणून मी सडक सोडली आणि खाडीच्या बांधावरून लांबची वाट घेतली. तिथं त्या वेळी कोणी नसतं. बांधावर आलो आणि मागं विमल मोठ्यानं रडायला लागली. तुझं नाव घेत होती, मध्येच पोराचं. मी वळलो नाही. पाय सावकाश टाकत राहिलो, तिचं सगळं रडून होईपर्यंत घर येऊ नये म्हणून.